विकेनबर्गचं तुरुंग-झाड: पाटीवरचं किती खरं मानायचं?

फिनिक्सकर

भारतातून पाहुणे आले, त्यांचं ग्रँड कॅन्यन झालं, सेडोना झालं, की पुढच्या रविवारी कुठे न्यायचं हा इकडच्या प्रत्येक घरातला प्रश्न. माझं उत्तर ठरलेलं आहे: विकेनबर्ग. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या वायव्येला तासाभरावर, हायवे ६० वर. १८६३ मध्ये जवळच सोनं सापडलं आणि हासायाम्पा नदीकाठी गाव वसलं. जुनं रेल्वे स्टेशन आहे, काउबॉय चित्रांचं खरोखर चांगलं संग्रहालय आहे, आणि ऐन बाजारपेठेत, टेग्नर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, एका दुकानाला लागून, मेस्किटचं एक म्हातारं झाड आहे.

हे 'जेल ट्री'. पाटीवर लिहिलंय की गावात तुरुंग नव्हता, म्हणून १८६३ पासून १८९० पर्यंत गुन्हेगारांना या झाडाला साखळीने बांधून ठेवत. आणि पुढे अगदी ठसक्यात: कुणी पळून गेल्याचं ऐकिवात नाही. शेजारी बेड्या घातलेल्या कैद्याचा पुतळा. पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि 'आता जेवायला कुठे?' विचारतात.

मला मात्र दरवेळी तेच प्रश्न पडतात. सत्तावीस वर्षं एक तुरुंग बांधता आला नाही? तेही सोन्याच्या गावात? आणि झाडाचं वय दोनशे वर्षं सांगतात ते कशावरून? माझं स्वतःचं मत असं की बेड्यांची गोष्ट बाजूला ठेवली तरी झाड बघण्यासारखं आहे. पण गोष्ट नसती तर त्या मोक्याच्या कोपऱ्यावर ते उरलं असतं का, याची शंका वाटते. तिथे जाऊन आलेल्यांनी, किंवा अशा झाडांबद्दल माहिती असलेल्यांनी लिहा.

संशयात्मा

'कुणी पळून गेल्याचं ऐकिवात नाही.' पळालेला माणूस परत येऊन नोंद करून जाणार आहे का?

कडूनिंब

संशयात्मा, +१. आणि गावात तुरुंग नव्हता म्हणजे हजेरीपुस्तकही नसणार. बंडू रात्री गेला, सकाळी शेरीफ म्हणाला, इथे बंडू कधी होताच कुठे!

मिरजेची मावशी

लेकीकडे हिवाळ्यात गेलो होतो तेव्हा बघितलंय हे झाड. यांनी पुतळ्याशेजारी बसून, हात मागे बांधल्यासारखे करून फोटो काढून घेतला. आमच्या व्हॉट्सॲप गटात 'शेवटी पकडले गेलात' म्हणून आठवडाभर चेष्टा चालली होती.

पण मला झाड बघून वेगळंच वाटलं. ती बारीक पानं, वाकडातिकडा बुंधा, काटे, खाली पडलेल्या शेंगा... अहो, ही तर आपली बाभूळ! आमच्याकडे बांधावर असली तर कुणी ढुंकून बघत नाही. लेक म्हणाली, आई, हे मेस्किट आहे. मी म्हटलं, असू दे, पण घराणं तेच दिसतंय.

वनस्पतीवाला

मावशींची नजर पक्की आहे. बाभूळ (व्हॅचेलिया) आणि मेस्किट ही एकाच मोठ्या कुळातली, दोघांनाही शेंगा, दोघांचीही संयुक्त पानं. पण मेस्किटचं खरं जवळचं नातं दुसऱ्याच दोघांशी आहे, आणि ती दोन्ही आपल्या ओळखीची.

पहिली वेडी बाभूळ. ती मेस्किटच आहे, मूळची अमेरिका खंडातली. विकेनबर्गचं झाड बहुधा व्हेल्व्हेट मेस्किट असावं, दक्षिण ॲरिझोनाच्या वाळवंटातलं नेहमीचं झाड तेच. आपल्याकडे पसरली ती प्रोसोपिस जुलिफ्लोरा, म्हणजे सख्खी चुलत बहीण.

दुसरी शमी. दसऱ्याची शमी, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. हिचं नाव प्रोसोपिस सिनेरारिया. अगदी आत्तापर्यंत मेस्किट, वेडी बाभूळ आणि शमी या तिघी एकाच वंशात (जीनसमध्ये) होत्या. २०२२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाटण्या केल्या. प्रोसोपिस हे नाव शमीकडे राहिलं, अमेरिकेतल्या मंडळींना दुसरी आडनावं मिळाली. तरी भाऊबंदकी ती भाऊबंदकीच.

मुळांबद्दल एक सांगतो, कारण ते वाचल्यावर साखळीपेक्षा मला तेच भारी वाटलं. टुसॉनजवळच्या एका उघड्या खाणीत खोदकाम चालू असताना जमिनीखाली सुमारे ५३ मीटरवर मेस्किटची जिवंत मुळं मिळाली होती. १९६३ साली तशी नोंद प्रसिद्ध झाली. जगातल्या सगळ्यांत खोल गेलेल्या मुळांमध्ये अजूनही तिचं नाव घेतात. हासायाम्पा नदी वर्षातला बराच काळ वाळूखालूनच वाहते. वर कोरडी, खाली ओली. मेस्किटला एवढं पुरतं.

उजनीकाठ

वेडी बाभळीचं कौतुक चाललंय का इथे? मग मलाही बोलू द्या.

आमच्या भागात पडीक रान दोन वर्षं सोडलं की वेडी बाभूळ आत शिरलीच म्हणून समजा. शेळ्यामेंढ्या शेंगा खातात, लेंडीतून बी सगळीकडे. तोडली तर बुडख्यातून दहा फोक फुटतात. जेसीबी लावून मुळासकट काढायची तर पैसे कोण देणार? काटा पायात मोडला तर आठवडा गेला. ही आपल्याकडे आणली इंग्रजांनी, १८७७-७८ च्या सुमारास जमैकाहून बी मागवून. जळणाला सरपण व्हावं म्हणून. सरपण झालं हे खरं, कोळसाभट्ट्याही चालतात तिच्यावर, गरिबाची चूल पेटते. तेवढं श्रेय देतो. बाकी कच्छच्या बन्नीत जाऊन बघा, मैलोन् मैल गवताचं रान गिळलंय.

तेव्हा त्या गावाने तिला पाटी लावली, कठडा केला याचं मला हसू आलं. एक काम करा, हवी तेवढी आमच्याकडून न्या. साखळ्या फुकट देतो.

कडूनिंब

उजनीकाठ, साखळ्या त्यांनी माणसांना बांधल्या, तुम्हाला झाडाला बांधायच्यात!

रानवारा

इतिहासाची बाजू थोडी मांडतो. फिनिक्सकर यांच्या पहिल्या प्रश्नाला थेट उत्तर नाही, पण जवळ जाणारं आहे.

गावाला ज्याचं नाव आहे तो हेन्री विकेनबर्ग प्रशियातून आलेला माणूस. त्याला १८६३ मध्ये व्हल्चर खाण सापडली. ॲरिझोनाच्या इतिहासात सोन्याचं सगळ्यांत जास्त उत्पादन देणारी खाण म्हणून ती गणली जाते. पण खाणीपाशी पाणीच नव्हतं. दगड फोडून सोनं वेगळं करायला पाणी लागतं, म्हणून माल वीसेक किलोमीटर गाड्यांनी नदीकाठी आणायचे. विकेनबर्ग गाव म्हणजे खरं तर ती नदीकाठची दगड कुटायची जागा. पुढे यंत्रं आणि पाणी खाणीकडेच नेलं आणि गावाचा जोर ओसरला. आता तुम्हीच सांगा, उद्या इथून हलायचंय असं वाटणारी माणसं दगडी तुरुंगावर पैसे घालतील? आपल्याकडे ऊसतोडीच्या फडावर कुणी पक्कं घर बांधत नाही. तसंच ते.

शिवाय तो भाग तेव्हा राज्य नव्हता. ॲरिझोना हा वेगळा प्रदेश म्हणून १८६३ मध्येच जाहीर झाला, आणि त्याचा पहिला मोठा तुरुंग युमाला उघडला १८७६ मध्ये. म्हणजे झाडाला बांधायचं ते शिक्षा म्हणून नव्हे, न्यायाधीशासमोर नेईपर्यंत किंवा दारू उतरेपर्यंत. एवढ्यापुरती मला गोष्ट पटते. सत्तावीस वर्षं रोज कुणीतरी तिथे साखळीत बसलेला होता असं चित्र पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं, ते मात्र पटत नाही.

हेन्रीचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. त्याने खाणीतला मोठा हिस्सा विकला, पण ठरलेले पैसे पूर्ण हातात पडले नाहीत. मग नदीकाठी शेती केली. २२ फेब्रुवारी १८९० ला वरच्या अंगाचं वॉलनट ग्रोव्ह धरण फुटलं, खालच्या खोऱ्यात माणसं वाहून गेली, त्याची शेती गेली. १९०५ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. गावात कुणाचा पुतळा बसवायचाच तर मला तरी हा माणूस आधी आठवतो.

संशयात्मा

रानवारा, उत्तम प्रतिसाद. पण एक राहिलं. हासायाम्पाचं पाणी प्यायलेला माणूस पुन्हा कधी खरं बोलत नाही, अशी तिकडची जुनी आख्यायिका आहे. पाटी लिहिणाऱ्याने कुठलं पाणी प्यायलं होतं याचा तपास व्हायला हवा.

फिनिक्सकर

हो, ही आख्यायिका तिकडे सगळे हसत हसत सांगतात. मी ते पाणी प्यायलेलो नाही. (हे वाक्य कितपत ग्राह्य धरायचं ते तुम्ही ठरवा.)

ओसाडगावचा पाटील

ह्या झाडाची खरी रंगतदार गोष्ट कुणीच सांगितली नाही अजून. कैदी फक्त झाडालाच नाही तर ओंडक्यालाही बांधत म्हणे. एकदा एका दांडग्या खाणकामगाराला दारू पिऊन दंगा केल्याबद्दल ओंडक्याला जखडला. दुपारी ऊन वाढलं, घसा सुकला. गडी उठला, ओंडका खांद्यावर टाकला आणि थेट गुत्त्यात जाऊन उभा राहिला. कायद्याने तो बांधलेलाच होता, त्यामुळे पळून गेला असंही म्हणता येईना! म्हणून पाटी बरोबर आहे, संशयात्मा.

खरी की खोटी मला विचारू नका. पारावर ऐकलेल्या गोष्टीला पुरावा मागणारा माणूस पारावर बसायच्या लायकीचा नाही.

पारावरून आठवलं. आमच्याकडेही न्याय झाडाखालीच व्हायचा. वडाला दगडी पार, वर पंच, समोर वादी-प्रतिवादी, आणि बाकी सगळं गाव फुकट तमाशा बघायला. तिकडे झाड कोठडी झालं, आपल्याकडे कोर्ट. मला आपली व्यवस्था जास्त सोयीची वाटते. निदान सावली दोन्ही बाजूंना सारखी.

नीलमणी

पाटील, सावली दोन्ही बाजूंना सारखी? पारावर कोण बसायचं आणि कोण खाली, लांब उन्हात उभं राहायचं, हे आपण सगळे जाणतो. उगाच गोड करून सांगू नका.

विकेनबर्गचंही तसंच आहे. १८६३ ला 'गाव वसलं' म्हणतात, पण तो तिथले मूळ रहिवासी असलेल्या यावापाई लोकांचा मुलूख होता. १८७१ मध्ये गावाजवळ एका घोडागाडीवर हल्ला होऊन सहा जण मारले गेले. ठपका यावापाईंवर आला. हल्ला नेमका कुणी केला याबद्दल शंका तेव्हाही होत्या, आजही आहेत. त्यानंतर त्यांच्यामागे सैन्य लागलं, आणि १८७५ च्या हिवाळ्यात त्यांना कॅम्प व्हर्डेहून डोंगरांतून पायी सान कार्लोसच्या राखीव वसाहतीत नेलं. वाटेत माणसं मेली, लहान मुलं मेली. बाजारातल्या झाडाला दारुडे बांधले होते ही त्या काळातली सगळ्यांत सौम्य गोष्ट आहे, आणि नेमकी तीच पाटीवर चढली.

ओसाडगावचा पाटील

पाराबद्दलचं मान्य. तुमचं म्हणणं बरोबर आहे, आमच्या गावातही खाली उभी राहणारी घरं होती.

पण ताई, प्रत्येक धाग्यावर माणसाला हसल्याबद्दल दंड भरायला लावायचा का? लोक रविवारी पोरांना घेऊन जातात, झाड बघतात, आइस्क्रीम खातात. त्यांना सान कार्लोसचा पत्ता विचारायचा?

नीलमणी

दंड कुणी मागितला? एक पाटी जास्त लावा म्हणतेय. आइस्क्रीम खाताना वाचता येते.

प्राजक्ता_टेक्सास

वाद चालू द्या, मी ऑस्टिनचं एक झाड आणते. इथेही जुन्या शहराच्या मध्यावर, बेलर स्ट्रीटवर, 'ट्रीटी ओक' आहे. लाइव्ह ओक, वय सुमारे पाचशे वर्षं मानतात. ऑस्टिन १८३९ ला राजधानी म्हणून वसवलं तेव्हा सरहद्दीवरचं गाव होतं. तेव्हा इथे अशा चौदा ओकांचं बन होतं, त्यांतलं हे एकच उरलं. टेक्सासच्या 'जनकाने', स्टीफन ऑस्टिनने, याच झाडाखाली मूळ रहिवाशांशी सरहद्दीचा करार केला अशी गोष्ट सांगतात. त्या कराराचा कागद कुणाकडे नाही. म्हणजे इथेही तुमच्यासारखंच!

१९३७ मध्ये मालकिणीला जागेचा कर झेपेना, तेव्हा शहराने हजार डॉलरला झाड विकत घेतलं. खरी कथा पुढे आहे. १९८९ मध्ये झाडाची पानं अचानक गळायला लागली. नवी पालवी यायची, तीही गळायची. माती तपासली तर कुणीतरी मुळाशी व्हेल्पार नावाचं तणनाशक ओतलेलं, तेही शंभर झाडं मरतील एवढं. शहर हादरलं. एका अब्जाधीशाने 'लागेल तेवढा खर्च करा' म्हणून सांगितलं. मुळांभोवतीची माती उपसून बदलली, ऊन लागू नये म्हणून पडदे लावले, झऱ्याचं पाणी फवारलं, साखरेची इंजेक्शनं दिली. लोक झाडाखाली 'लवकर बरा हो' अशी कार्डं आणि चिकन सूपचे डबे ठेवून जायचे.

दोन-तृतीयांश झाड गेलंच. एक-तृतीयांश वाचलं. १९९७ मध्ये विषप्रयोगानंतर पहिल्यांदा त्याला ओकफळं धरली, त्यांची रोपं करून वाटली, टेक्सासभर लावली. ज्याने विष घातलं तो सापडला आणि त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. एकतर्फी प्रेमातून काहीतरी करणीचा प्रकार केला होता असं खटल्याच्या वेळी समोर आलं.

आज झाड एका बाजूला झुकलेलं, अर्धं दिसतं. करार झाला की नाही याने आता इथे कुणाला फरक पडत नाही. लोक 'विष पचवलेलं झाड' म्हणून बघायला येतात, आणि या गोष्टीचे कागद भरपूर आहेत.

मिरजेची मावशी

साखरेची इंजेक्शनं! आणि सूप! डोळ्यांत पाणी आलं ग वाचून.

कडूनिंब

झाडाला सूप दिलं, ते शाकाहारी आहे का याची चौकशी केली होती का? (दिवे घ्या.)

दगडफोड्या

सगळी झाडं अमेरिकेतलीच का? सरहद्द म्हटलं तर खरी सरहद्द आपल्या शेजारी आहे. खैबर खिंडीत लंडी कोतलच्या छावणीत एक वड आहे, तो १८९८ पासून अटकेत आहे. जेम्स स्क्विड नावाचा इंग्रज अधिकारी दारू पिऊन चालला होता, त्याला वाटलं झाड आपल्या अंगावर चालून येतंय. त्याने सार्जंटला हुकूम दिला, अटक करा याला! झाडाला साखळदंड घातले. ते आजही तसेच आहेत, आणि बुंध्यावर पाटी: 'मी अटकेत आहे'.

उजनीकाठ, तुमची मागणी कुणीतरी आधीच अमलात आणली होती.

यात हसू येतं तेवढाच काटाही येतो. तिथले लोक सांगतात की पठाणांना दिलेला तो इशारा होता. जे झाड जागचं हलू शकत नाही त्यालाही आम्ही बेड्या घालतो, तुम्ही कोण? नीलमणी यांच्या मुद्द्याला हे झाड जास्त जवळचं आहे.

उजनीकाठ

दगडफोड्या, वडाला नको हो. वेडी बाभळीलाच घाला.

पण हे वाचल्यावर मगाशी सगळी मजा वाटत होती ती जरा कमी झाली खरं.

अबोली_कॅलि

झाडाच्या गोष्टी मारामारीच्याच असतात असं नाही. ॲरिझोनातच टूमस्टोनला जा. बंदुकबाजीसाठी बदनाम गाव. तिथे एका जुन्या खाणावळीच्या अंगणात गुलाबाचं झाड आहे, १८८५ मध्ये लावलेलं. लेडी बँक्स जातीचा पांढरा गुलाब, रोप स्कॉटलंडहून आलेलं, माहेरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या एका नवऱ्या मुलीसाठी. आता खांबांवर मांडव चढवलाय आणि त्याचा पसारा आठ हजार चौरस फुटांच्या वर गेलाय. वसंतात फुलतो तेव्हा खाली बाकांवर बसून वर बघत राहायचं. पर्यटक मात्र पलीकडच्या गल्लीत खोट्या गोळीबाराचा खेळ बघायला रांग लावतात.

शहरी_जंगल

धागा बराच फिरून आला. फिनिक्सकर यांचा वयाचा प्रश्न कुणी घेतला नाही, तो घेतो. झाडांची नोंदणी हे माझं काम आहे.

झाडाचं वय खात्रीने सांगायचं तर बुंध्यातून पेन्सिलीएवढा नमुना काढून वर्तुळं मोजतात. मेस्किटमध्ये हे कठीण. म्हाताऱ्या झाडाचा गाभा सडून पोकळ होतो, म्हणजे सर्वांत जुनी वर्तुळंच नाहीशी. शिवाय त्याला बुडातूनच अनेक खोडं फुटतात, आणि पूर किंवा कुऱ्हाड लागली की मुळापासून पुन्हा उगवतं. वरचं खोड शंभर वर्षांचं आणि खालची मुळं तीनशे वर्षांची, असंही होऊ शकतं. मग वय कुणाचं धरायचं? बुंध्याचा घेर मोजून अंदाज काढतात, पण वाळवंटात वाढ पाण्यावर ठरते. ओढ्याकाठचं झाड साठ वर्षांत जेवढं होतं तेवढं व्हायला माळावरच्याला दीडशे लागतात. तेव्हा 'दोनशे' हा गोल आकडा मी सलाम करून पुढे जायचा आकडा समजतो. १८६३ मध्ये माणूस बांधण्याएवढं जाड होतं असं मानलं तर दोनशेच्या आसपास धरायला हरकत नाही, पण मग वय गोष्टीवरून आणि गोष्ट वयावरून सिद्ध होते. आमच्या खात्यात असा अहवाल परत येतो.

आता दुसरा प्रश्न, गोष्ट नसती तर झाड उरलं असतं का. अनुभवाने सांगतो: नसतं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये १९७५ च्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती झाली. नागरी भागात पन्नास वर्षांवरचं झाड 'वारसा वृक्ष', आणि ते तोडावंच लागलं तर त्याच्या वयाएवढी नवी झाडं लावायची. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात रस्ता रुंदीकरणाची यादी येते तेव्हा त्यातली कुठली झाडं वाचतात? ज्यांच्या बुंध्यात कुणी शेंदूर लावलेला दगड ठेवलाय ती. ज्याला सूत गुंडाळतात तो वड. बाकी चिंचा, करंज, शिरीष गेले. देव नाही, गोष्ट नाही, वकील नाही.

म्हणून मी पाट्यांच्या खोटेपणाबद्दल फार चिडत नाही. झाड वाचवायला पाटीचा उपयोग झाला ना, झालं. नीलमणी म्हणतात ती दुसरी पाटीही लावा, जागा आहे.

संशयात्मा

शहरी_जंगल, मुद्दा कळला, पण धोकाही आहे. शेंदूर लावून झाड वाचतं, मग पाच वर्षांत टपरीएवढं देऊळ होतं, फरशी बसते, मुळांवर सिमेंट येतं, आणि झाड गुदमरून वाळतं. देव राहतो, झाड जातं. आमच्या चौकातला पिंपळ असाच गेला. आता तिथे मंडप आहे आणि उन्हाळ्यात भाविकांसाठी हिरवी जाळी बांधतात.

शहरी_जंगल

संशयात्मा, हे शंभर टक्के खरं. मुळांभोवती फरशी म्हणजे झाडाला हळूहळू फाशी. ऑस्टिनवाल्यांनी माती बदलून झाड वाचवलं, आपण माती झाकून मारतो.

रानवारा

फाशीवरून: व्हल्चर खाणीच्या ओसाड वस्तीत एक आयर्नवूडचं झाड दाखवतात, त्यावर अठरा जणांना फाशी दिली म्हणे, सोन्याचा दगड चोरला म्हणून. ती खाण १९४२ मध्ये बंद झाली, युद्धकाळात सरकारने सोन्याच्या खाणी थांबवल्या तेव्हा. आता तिकीट काढून वस्ती बघता येते. विकेनबर्गला गेलात तर तेवढंही करून या.

संशयात्मा

अठरा. यादी आहे का?

ओसाडगावचा पाटील

आता हा तिकडे जाऊन मृतांची यादी मागणार.

वनस्पतीवाला

शमीचं नाव काढलं होतं म्हणून एक पुरवणी. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावात राजाच्या माणसांनी चुन्याच्या भट्टीसाठी खेजड्या तोडायला घेतल्या, तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली आणि मारली गेली. तिथे नावं, स्मारक, दरवर्षीची जत्रा, सगळं आहे.

फिनिक्सकर

केवढं काय काय मिळालं! शहरी_जंगल यांचं वयाचं स्पष्टीकरण आणि रानवारांची 'उद्या हलायचं गाव' ही मीमांसा मला पटली. पुढच्या वेळी पाहुण्यांना हेन्रीची गोष्टही सांगेन आणि १८७५ चीही. जेवणाआधी सांगायची की नंतर ते अजून ठरत नाहीये.

एक गोष्ट मीही भर घालतो. मेस्किटच्या शेंगा गोड असतात. इथले तोहोनो ओओधाम लोक पिढ्यान् पिढ्या त्या वाळवून, कुटून पीठ करत आले आहेत. आता शेतकरी बाजारात पिशव्या मिळतात. चव थोडी गुळासारखी. घरी नुसत्या पिठाचं काही थापलं की तुटतं, चिकटपणा नसतो. कणकेत पाव भाग मिसळून दशम्या केल्या तर बऱ्या होतात.

मिरजेची मावशी

दशमी दुधात भिजवलीस का पाण्यात? दूध घाल, आणि तव्यावर मंद आच. गोड पीठ लगेच करपतं. उजनीकाठ, तुमच्याकडच्या शेंगांचं पीठ होईल का हो? होत असेल तर एक किलो मिरजेला पाठवा.

उजनीकाठ

मावशी, एक किलो? ट्रक पाठवतो. उतरवून घ्यायला माणसं तेवढी बघा.

वनस्पतीवाला

मावशी, थांबा. जुलिफ्लोराच्या शेंगा झाडाझाडाप्रमाणे बदलतात, काही चक्क कडू-तुरट असतात. नुसत्या शेंगांवर ठेवलेली जनावरं आजारी पडल्याच्या नोंदीही आहेत. माणसांनी प्रयोग करण्याआधी जाणकाराला विचारा.

कडूनिंब

उजनीकाठ, ट्रक थांबवा!